अधिकारी कोण?



शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयी आहे, तो वाचून काय साधावयाचे, त्या दोहोंचा परस्परसंबंध काय, आणि तो कोणासाठी लिहिला आहे. बालपणी पाठशाळेत आम्ही ही चार नावे घोकली. पहिली तीन लवकर उमगली. चौथे पद, म्हणजे अधिकारी, नीट कळावयास मला साठी ओलांडावी लागली. आणि तेही एखाद्या पंडिताकडून नव्हे, तर नाशिक रोडला आमच्या दारात कागद घेऊन उभ्या राहिलेल्या एका आशाताईकडून.

सकाळची वेळ होती. ती म्हणाली, “महाराज, फॉर्म भरायचाय, दहा मिनिटं बसा.” वय किती, तंबाखू खाता का, घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार होता का, असे एकेक विचारीत गेली. मग टेप काढून कमरेचा घेर मोजला. पुरुषाचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आत असावा, बाईचा ऐंशीच्या. माझा नव्वद केव्हाच ओलांडून गेला होता. पुढे तिने विचारले, “आठवड्यातून दीडशे मिनिटं तरी चालणं होतं का?” मी म्हटलं, “ताई, अहो जन्म उभा राहून कीर्तन करण्यात गेला, माझं चालणं काय मोजता?” ती हसली. म्हणाली, “उभं राहणं वेगळं महाराज, चालणं वेगळं.”

मी मनाशी हिशेब केला. पूर्वी गावोगाव पायी जात होतो. आता यजमान गाडी पाठवितात. कीर्तन संपते रात्री अकराला, त्यानंतर पानात साजूक तुपातला शिरा. ताईने बेरीज केली आणि म्हणाली, “चारच्या वर गुण गेलेत. तुम्ही तपासणीला आधी यायचं.” आयुष्यभर अधिक गुण म्हणजे मान, हेच ठाऊक. अधिक गुणांची लाज वाटावी असा प्रसंग प्रथमच आला. खरे सांगतो, रागही आला. परंतु गेलो. रक्तदाब वाढलेला निघाला.

आता हा कागद काय आहे ते थोडक्यात सांगतो. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, हृदयविकार यांना आवर घालण्यासाठी 2010 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातलाच तो एक भाग. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा कागद भरावयाचा आणि तपासणीही प्रत्येकाची करावयाची. परंतु ज्याचे गुण चारपेक्षा अधिक, त्याला आधी बोलवावयाचे. साठीच्या पुढच्यांना आणखी काही प्रश्न आहेत. उभे राहताना, चालताना तोल जातो का? अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो का? जवळच्या माणसांची नावे, घरचा पत्ता विसरता का? प्रश्न साधे आहेत. पण हे प्रश्न आपण आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याला कधी विचारले आहेत काय?

मी विचारले नव्हते. तीच गोष्ट सांगावयाची आहे.

आमच्या मंडळींनी गेल्या वर्षी देवळाच्या सभामंडपात ज्येष्ठांसाठी आरोग्याचा एक कार्यक्रम ठरविला. डॉक्टर आले, आहारावर बोलले, बसल्या बसल्या करावयाचे व्यायाम दाखविले. माणसे चांगली जमली. आयोजक आनंदले, मीही आनंदलो. नंतर सहज पाहिले तेव्हा ध्यानी आले की, आलेली बहुतेक मंडळी पहाटे फिरावयास जाणारी, मुक्तिधामपर्यंत चालत जाऊन येणारी, प्रेसमधून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेली, पेन्शन असलेली आणि घरी सून-मुलगा असलेली होती. ज्यांना व्यायामाची गोडी होती तेच व्यायाम शिकावयास आले होते.

आणि आमचे एक जुने टाळकरी त्यात नव्हते. तीस वर्षे माझ्या डाव्या हाताला उभे राहून त्यांनी टाळ धरला. वर्षभरापासून ते येईनासे झाले होते. गुडघे दुखतात असे कोणीतरी म्हणाले होते. मी म्हटले, देवाचे दार उघडे आहे, येतील तेव्हा येतील. कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांनी कळले, ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. भेटावयास गेलो तेव्हा घर पाहिले. दुसरा मजला, जिन्याला कठडा नाही, जिन्यात दिवा नाही. पत्नी वारल्यावर एकटेच राहात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी आणि लोणचे, रात्री पुन्हा चहा. मला म्हणाले, “बुवा, खाली उतरलो तर वर कसा चढू, म्हणून उतरतच नव्हतो.” त्यांनी मला दोष दिला नाही. देते तर बरे झाले असते.

आता प्रश्नाकडे येऊ. मीमांसक अधिकाऱ्याचे लक्षण सांगताना दोन गोष्टी मुख्यत्वे पाहतात. त्याला फळाची इच्छा हवी, म्हणजे तो अर्थी हवा. आणि कर्म करण्याचे बळ हवे, म्हणजे तो समर्थ हवा. यज्ञयागाला हे लक्षण ठीक आहे. परंतु आपण नकळत तेच लक्षण मदतीच्या कामालाही लावून बसलो आहो. कार्यक्रम ठेवावयाचा, फलक लावावयाचा, ज्याला इच्छा व बळ असेल तो येईल. आमचे टाळकरी अर्थी नव्हते, कारण आशाच सोडली होती. समर्थ नव्हते, कारण जिना उतरवत नव्हता. म्हणून ते अधिकारी ठरले नाहीत. ज्याला सर्वांत अधिक गरज तोच लक्षणातून गळाला! तेव्हा मदतीच्या बाबतीत हे लक्षण उलटे वाचले पाहिजे. जो येऊ शकत नाही, तो पहिला अधिकारी.

ही गोष्ट केवळ आपल्या आळीतली नव्हे. ज्युलियन ट्यूडर हार्ट या नावाचे एक डॉक्टर वेल्स देशात कोळशाच्या खाणीच्या गावी वैद्यकी करीत. त्यांनी 1971 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात असे मांडले की, चांगल्या उपचाराची जेथे गरज अधिक तेथे तो कमी मिळतो, आणि जेथे गरज कमी तेथे सुलभ असतो. यात कोणी दुष्टपणा करीत नाही. पाणी उताराकडे जाते तशी सोय सोयीकडे जाते. चढावर पाणी न्यावयाचे तर कोणीतरी घागर उचलावी लागते.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. एक गृहस्थ मला म्हणाले, “महाराज, वारीत सगळे सारखे. तुम्ही निवड करू लागलात तर समता कुठं राहिली?” शंका खरी आहे. परंतु पंगतीचा विचार करा. पंगतीत सर्व एका ओळीत बसतात, कोणाला उठवीत नाहीत. तरी यजमान शहाणा असला तर दात नसलेल्या आजींच्या पानात मऊ भात आधी पाहतो आणि मधुमेह्याला जिलेबीचा आग्रह करीत नाही. पंगत सारखी, वाढणे ज्याच्या त्याच्या मानाने. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहावयास सांगितले आहे, तसेच परतफेडीची आशा नसलेल्याला द्यावे असेही सांगितले आहे. आपल्या मुक्तिधामच्या भिंतींवर अठराही अध्याय लिहिलेले आहेत. दर्शनाला जाल तेव्हा तो अध्याय सावकाश वाचावा. सरकारचेही पाहा. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे छत्र दिले. त्याच वर्षी महाराष्ट्राने वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देण्याचे ठरविले. एकीकडे वय पाहिले, दुसरीकडे वयासोबत उत्पन्नही. दोन्ही योग्यच. परंतु बहात्तर वर्षांचा धडधाकट माणूस असतो आणि त्रेसष्टाव्या वर्षी तोल जाणारा असतो. पैसा असलेलीही म्हातारी बंद दाराआड एकटी असते. ती तारीख पाहून किंवा दाखला पाहून सापडत नाही. तिच्या दाराशी जावे लागते.

दुसरी शंका अधिक शास्त्रीय आहे. लंडनचे जेफ्री रोज नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी 1985 साली दाखविले की, मोठ्या धोक्यातली माणसे थोडी असतात, थोड्या धोक्यातली पुष्कळ; आणि एकूण रुग्णांपैकी बरेचसे त्या पुष्कळांतूनच येतात. मग थोड्यांच्या मागे का लागावे? सर्वांचेच मीठ कमी करा, सर्वांनाच चालावयास जागा द्या! हे म्हणणे मला पटते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, यापेक्षा कमी मीठ पोटात जावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा भंडाऱ्याच्या आमटीत मीठ बेताने घालावे आणि पानातले दोन पापड एकावर आणावेत, याने सर्वांचेच हित होईल. परंतु यावरून दुसरे काम नको असे ठरत नाही. पाऊस सर्वांवर पडतो, तरी पागोळीच्या आत ठेवलेल्या कुंडीतली तुळस सुकते. तिला तांब्याने पाणी घालावे लागते. पाऊस पडावा अशी प्रार्थनाही करावी, आणि तांब्याही भरावा.

तिसरी शंका सर्वांत कठीण. ती माझ्याच रागातून आली आहे. एखाद्याला निवडून ‘तुम्ही धोक्यात आहात’ असे सांगणे हा त्याचा अपमान नव्हे काय? आणि तो नको म्हणाला तर? याचे उत्तर मला त्या ताईच्या वागण्यात सापडले. तिने उपदेश केला नाही, जमिनीवर माझ्यासमोर बसली, प्रश्न विचारले आणि माझे ऐकून घेतले. यादी दारावर लावावयाची नसते, देवळात वाचून दाखवावयाची तर नाहीच नाही. ‘तुमचे काय बिघडले?’ असे विचारण्यापेक्षा ‘तुम्हाला काय करता यावे असे वाटते?’ असे विचारावे. आमच्या टाळकऱ्यांना शंभर वर्षे जगावयाचे नव्हते. त्यांना एकादशीला देवळात येऊन बसावयाचे होते. ते नको म्हणाले असते तर तो त्यांचा अधिकार होता. पण कोणी विचारलेच नाही, त्याला नकार म्हणता येत नाही.

चौथी शंका आपल्याच मंडळींची. देह नाशवंत, त्याची एवढी काळजी कशाला? वीणेकऱ्याला विचारा. वीणा म्हणजे भजन नव्हे, हे त्याला ठाऊक असते. तरी तार सैल झाली तर तो पिळतोच, आणि वीणा जमिनीवर टेकू देत नाही. देह जपावयाचा तो एवढ्याचसाठी. नाथमहाराजांनी कावडीतले गंगोदक वाळवंटातल्या तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. श्रोते करुणेने मान डोलवीत आणि मीही त्यात रमत असे. गाढवाने पाणी मागितले नव्हते आणि त्याला उठताही येत नव्हते, हे मात्र आता दिसते. नाथांना ते दिसले, कारण ते वाटेने जाताना पाहात होते.

मग करावयाचे काय? मोठे काही नाही. पडण्याने होणारी हानी म्हातारपणी फार भारी असते; जगात पडून मरण पावणाऱ्यांत साठीपुढचेच सर्वाधिक असतात. तेव्हा देवळाच्या पायऱ्यांना कठडा, न्हाणीत धरावयास दांडा, जिन्यात दिवा. पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि पायांचे बळ राखणारे व्यायाम हवेत, तेही घरी जाऊन दाखवावे लागतील. एकट्या माणसाच्या ताटात वरण-भाजी आहे का, हे डोकावून पाहावे. आणि माझ्यापुरते सांगावयाचे तर, कीर्तन रात्री नऊपूर्वी संपवावे, मागे चार खुर्च्या ठेवाव्यात. नुसते ‘चाला, कमी खा’ असे सांगणे सोपे आहे. ज्याच्या जिन्याला कठडा नाही त्याला ‘चाला’ म्हणणे ही मदत नव्हे, टोचणी आहे.

आमच्या देवळात देणगीची वही पूर्वीपासून आहे. कोणी किती दिले ते त्यात बिनचूक असते. आता आम्ही दुसरी वही केली आहे. पूर्वी येत असलेले आणि आता न येणारे, त्यांची नावे तीत आहेत. ती कुलुपात राहते. दर एकादशीला आम्ही तिघेचौघे ती उघडतो आणि जेल रोड, देवळाली गाव, विहितगाव, ज्याला जे घर जवळ तिकडे जातो. काही दारे उघडतात, काही नाही. बंद राहिलेल्या दारी पुढच्या एकादशीला पुन्हा जातो.

टाळकरी आता काठी घेऊन चालतात. एका हाताने टाळ वाजत नाही. ते खुर्चीत बसून ताल चुकणाऱ्या पोरांना रागे भरतात. पहिल्या पानावर पहिले नाव त्यांचेच होते. त्यापुढे आम्ही तारीख घालून ‘आले’ असे लिहिले. बाकी पान अजून तसेच आहे. असो.