हया, गरज आणि सोनोग्राफी



लोणी काळभोरमध्ये जुम्याच्या नमाजनंतर एक प्रश्न हमखास दबक्या आवाजात येतो : घरातल्या स्त्रीला डॉक्टरांनी ओटीपोटाची सोनोग्राफी सांगितली आहे, शरियतनुसार ती जायज आहे का? विचारणारा पती असतो किंवा भाऊ. जिला दुखणे आहे, तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी असे नव्हते. ह. फातिमा बिन्त अबी हुबैश (र.अ.) स्वतः त्यांच्या सेवेत आल्या आणि रक्तस्राव थांबत नाही, नमाज सोडू काय, असे त्यांनी विचारले. हा स्राव एका शिरेतून आहे, हैज नव्हे. हैजचे दिवस संपले की स्वच्छ होऊन नमाज अदा करावी, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या एका प्रश्नातून फिक्हच्या इस्तिहाजा प्रकरणाला आधार मिळाला. दीन समजून घेताना अन्सारी स्त्रियांच्या आड लाज आली नाही, याबद्दल ह. आयशा (र.अ.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे. म्हणजे हया हा ईमानचा भाग आहेच. परंतु मौन म्हणजे हया नव्हे.

हनफी फिक्हनुसार हैज जास्तीत जास्त दहा दिवस. त्यापुढील स्राव इस्तिहाजा. नमाजचा हुकूम येथे स्पष्ट होतो. मात्र स्राव का होतो, गर्भाशयात गाठ आहे की अस्तर जाड झाले आहे, हे तपासणे वैद्याचे काम. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, केवळ ध्वनिलहरी असतात. 1958 साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी या तंत्रावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एका स्त्रीची हकिकत आहे. तिच्या पोटात असाध्य कर्करोग आहे, असा समज झाला होता. सोनोग्राफीत बीजांडकोशाची द्रवाने भरलेली गाठ दिसली, शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर थोडेसे असले तरी तपासणी लांबवू नये. गर्भनलिकेतील गर्भधारणेत तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

आता सतरचा प्रश्न. फिक्हचा नियम असा की गरज मुभा देते, आणि जितकी गरज तितकीच मुभा. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया' ग्रंथात वैद्याला रोगाची जागा पाहण्याची परवानगी आहे. शक्य तर स्त्रीलाच उपचार शिकवावा, असेही तेथे सुचवले आहे. म्हणून प्रथम स्त्री डॉक्टर शोधावी. आपल्याकडे नसेल तर हडपसर, पुणे दूर नाही. ती वेळेत मिळत नसेल तर पुरुष डॉक्टरही चालेल. अशा वेळी पती, महरम किंवा परिचारिका सोबत असावी आणि आवश्यक तेवढाच भाग उघडा करावा. तातडीच्या प्रसंगी मात्र थांबू नये. ही तपासणी दोन प्रकारे होते : मूत्राशय भरलेले ठेवून पोटावरून, किंवा ते रिकामे करून योनीमार्गातून. दुसऱ्या प्रकारात चित्र अधिक स्पष्ट येते. पण पहिल्याने काम भागत असेल तर दुसऱ्याची गरज नाही. अविवाहित मुलीची तपासणी सहसा पोटावरूनच करतात. कोणती तपासणी आणि का, हे विचारण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे. संमतीही तिचीच.

हाच नियम दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहणे ही गरज नव्हे. महाराष्ट्राने 1988 साली आणि देशाने 1994 साली त्याविरुद्ध कायदा केला. त्याच्या किती तरी आधी कुरआनच्या सूरह तकवीरने जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी बोलते केले आहे : तिला कोणत्या अपराधासाठी मारले, हे विचारले जाईल. पत्नीच्या रक्तस्रावाची तपासणी सांगितली की ज्याला हया आठवते, आणि मुलगा की मुलगी हे विचारताना जो संकोचत नाही, त्याने आपली हया पुन्हा पारखून घ्यावी.

बंधू-भगिनींनो, देह ही अल्लाहची अमानत आहे, आणि पत्नीचा देह पतीची मालमत्ता नाही. स्त्री डॉक्टर मिळत नाही ही आपली तक्रार खरी असेल, तर आपल्या मुलींचे शिक्षण दहावीनंतर थांबवू नका. अल्लाह आपल्या माता-भगिनींना शिफा देवो आणि आपल्याला हयाची योग्य जाण देवो. आमीन.