गाईसारखा गवय

वाचकहो, आजचा विषय या मासिकाला थोडा निराळा वाटेल. पण तो माझ्याच एका चुकीतून निघाला आहे, म्हणून ती चूक आधी सांगतो.

दोन वर्षांमागे मराठवाड्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात माझे कीर्तन होते. मांडव भरलेला, पुढे बरीचशी कॉलेजातली पोरे बसलेली. तरुण मंडळी समोर दिसली की त्यांच्या ओळखीचे काही बोलावे असा मोह वक्त्याला होतो. त्या आधीच्या दिवाळीत माझ्या नातवाने मला 'स्टार वॉर्स' नावाचे अमेरिकेतील चित्रपट दाखविले होते. ते डोक्यात ताजे होते. निरूपणात सर्वव्यापक चैतन्याचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो, "अहो, ते साहेब लोक पडद्यावर जी शक्ती दाखवितात ना, ती आमच्याच उपनिषदांतून उचललेली! गीता वाचल्यावाचून त्यांना ही गोष्ट सुचलीच नसती!" टाळ्या पडल्या. टाळकऱ्यांनीही माना डोलाविल्या. मलाही बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

महिन्याभराने त्या गावचा एक मुलगा पत्ता शोधीत माझ्या घरी आला. बारावीला होता. म्हणाला, "महाराज, मी वर्गात सांगितलं, हा पिक्चर गीतेवरून घेतलाय. सर म्हणाले, पुरावा दे. मी म्हटलं, आमच्या महाराजांनी कीर्तनात सांगितलंय. सगळे हसले. ते जाऊ द्या. पण कोणत्या पुस्तकात आहे तेवढं लिहून द्या, सरांना दाखवतो." आणि त्याने वही काढून पेनाचे टोपण उघडले.

मजजवळ पुस्तक नव्हते. "बाळ, शोधून कळवितो," एवढेच म्हणालो. तो पाया पडून गेला. शिव्या देऊन गेला असता तरी मी इतका ओशाळलो नसतो.

मग नातवाला हाताशी धरून शोध केला. जे सापडले ते सांगतो.

स्टार वॉर्सचा पहिला चित्रपट 1977 सालचा. कर्ते जॉर्ज लुकास. कॅलिफोर्नियात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेले. कथा अशी: दूरच्या तारामंडळात एक जुलमी साम्राज्य आहे, त्याविरुद्ध बंड चालले आहे, आणि जेडाय नावाच्या व्रतस्थ योद्ध्यांची परंपरा लुप्त होत आली आहे. हे योद्धे एका शक्तीला मानतात. ती सर्व सजीवांपासून उपजते, सर्वांना वेढून असते, विश्वाला बांधून ठेविते. मन शांत केले की साधकाला ती जाणवते. 1980 च्या दुसऱ्या चित्रपटात योडा नावाचे एक बुटके, वयोवृद्ध गुरू आहेत. दलदलीतल्या झोपडीत राहतात आणि शिष्याला श्रद्धा व धीर शिकवितात. पाहताना मला तर एखादा आश्रमच वाटला.

पण कर्त्याने या शक्तीविषयी स्वतः काय सांगितले आहे? 1999 साली एका मुलाखतीत ते म्हणाले, त्याचा भावार्थ असा की, तरुणांच्या मनात काही आध्यात्मिक जाग यावी म्हणून ही कल्पना घातली, कोणा एका धर्माचा प्रचार करण्यासाठी नव्हे. आर्थर लिप्सेट यांच्या 1963 च्या एका छोट्या कॅनेडियन चित्रपटातील संभाषणात अशाच शक्तीचा उल्लेख आहे. त्याचे पडसाद आपल्या गोष्टीत आहेत, हे लुकास यांनी मान्य केले आहे. थोर युद्धाची कथा दोन क्षुल्लक जिवांच्या नजरेतून सांगण्याची हातोटी त्यांनी जपानच्या अकिरा कुरोसावा यांच्या 1958 च्या चित्रपटावरून घेतली. आणि कथेचा सांगाडा घडविताना जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन पंडिताच्या, देशोदेशींच्या पुराणकथांवरील 1949 च्या ग्रंथाचा आधार घेतला.

इथे मात्र एक धागा आपल्याकडे येतो, आणि तो खरा आहे. न्यूयॉर्क येथे स्वामी निखिलानंद यांनी श्रीरामकृष्ण परमहंसांच्या संवादांचे इंग्रजी भाषांतर 1942 साली प्रसिद्ध केले, त्या कामी याच कॅम्पबेल यांनी साह्य केले होते. हिंदुस्थानातील तत्त्वज्ञान त्यांनी पुष्कळ अभ्यासिले होते. म्हणजे गंगेचे चार थेंब त्या दूरच्या तळ्यात पोचले असतील. पण तळे काही त्या चार थेंबांनी भरलेले नाही. त्यात चीन, जपान, बायबल, ग्रीकांच्या कथा, सगळ्यांचे पाणी आहे. मी मांडवात सांगितले ते मात्र "तळे आमचेच" असे होते.

लहानपणी पाठशाळेत न्यायशास्त्राचे पहिले पाठ घेताना उपमान-प्रमाणाला एकच उदाहरण घोकले होते. गावातल्या माणसाला कोणी सांगतो की गवय म्हणून रानात एक पशू असतो, तो गाईसारखा दिसतो. पुढे तो माणूस रानात जातो, गाईसारखा पशू पाहतो आणि ओळखतो, हा गवय. साधर्म्यावरून ज्ञान होते ते एवढेच. गवय गाईसारखा दिसला म्हणून तो गाय ठरत नाही, आणि आमच्या गोठ्यातून पळविलेला तर मुळीच ठरत नाही. हे मी बाराव्या वर्षी शिकलो होतो आणि साठी उलटल्यावर टाळ्यांच्या नादात विसरलो.

साधर्म्याबरोबर वैधर्म्यही पाहावे, अशी शास्त्राची शिस्त आहे. त्या शक्तीला दोन बाजू आहेत, एक उजळ आणि एक काळी. क्रोध, भय, द्वेष यांच्या वाटेने काळी बाजू साधकाला गिळते. आमच्या वेदान्तातील ब्रह्माला असा काळा-पांढरा भाग नाही. शिवाय ती शक्ती वापरावयाची असते. तिच्या बळावर वस्तू उचलावी, दुसऱ्याचे मन वळवावे, शत्रूला दूर लोटावे. आमच्या शब्दांत सांगायचे तर ही सिद्धी झाली. पतंजलींनी सिद्धींची यादी दिली खरी, पण समाधीच्या वाटेवर ते विघ्न आहे असेही बजावले. आणि वारकऱ्याला तर ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेले चांगदेव शेवटी मुक्ताईचे शिष्य झाले, हे आपल्याकडचे लहान पोरही जाणते. भक्त देवाला वापरीत नाही. तो हाक मारतो, आणि ती हाक ऐकणारा कोणी आहे असा त्याचा भरवसा असतो. त्या तारामंडळातली शक्ती सर्वत्र आहे, पण ती कोणासाठी विटेवर उभी नाही.

गीतेचेही तेच. 1983 च्या तिसऱ्या चित्रपटात नायक ल्यूक याची आपल्या बापाशी, डार्थ व्हेडरशी, गाठ पडते. बाप पूर्वी जेडायच होता. काळ्या वाटेला लागून सम्राटाचा सेवक झाला आहे. ल्यूक संतापाच्या भरात त्याचा हात तोडतो. तो हात यंत्राचा निघतो. मग ल्यूक स्वतःच्या हाताकडे पाहतो. तोही मागील युद्धात तुटलेला, त्या जागी यंत्राचाच बसविलेला. आपण बापच होऊ लागलो आहो, हे त्याला त्या क्षणी कळते आणि तो आपली प्रकाशाची तलवार फेकून देतो.

हे पाहून मी मांडवात म्हणालो होतो, "पाहा, अर्जुनच!" पण नीट विचार केला तर उलट दिसते. अर्जुनाने धनुष्य टाकले ते युद्धाच्या आरंभी, स्वजनांच्या मोहाने. आणि भगवंतांनी त्याला ते पुन्हा हाती घ्यावयास लाविले. ल्यूक शस्त्र टाकतो ते शेवटी, क्रोधाचा वेग ओळखून. आणि त्याला ते पुन्हा उचलावे लागत नाही. सम्राट त्याला विजेने जाळू लागतो, तेव्हा बापाच्याच अंतरी कालवाकालव होते. तो सम्राटाला उचलून खोल विवरात फेकतो आणि स्वतः मरतो. मी दोघांना एक म्हणून टाकले, त्यात गीतेचाही अर्थ गेला आणि त्या गोष्टीचाही. खरे सांगतो, त्या पोराने दुष्ट बापाविषयी आशा सोडली नाही, हा प्रसंग मला गीतेपेक्षा संतचरित्रांजवळचा वाटतो. तरी "जवळचा" एवढेच म्हणेन. "घेतलेला" असे आता म्हणणार नाही.

आमच्या भाषेचीही एक गंमत सांगतो. याच मालिकेतील 1999 च्या चित्रपटात द्वंद्वयुद्धाच्या वेळी मोठा वाद्यवृंद आणि समूहगायन आहे. नातू म्हणाला, "आजोबा, हे संस्कृत आहे म्हणे." मी कान देऊन चारदा ऐकले. काही कळेना! मग शोधता समजले की संगीतकार जॉन विल्यम्स यांनी एका जुन्या वेल्श काव्यातील ओळींचे संस्कृत करविले आणि अर्थापेक्षा नाद पाहून ते शब्द योजिले. अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याला यास्काचार्यांच्या निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. इथे तर ओझेही वेल्श!

उलट 'मॅट्रिक्स' नावाची दुसरी चित्रमाला पाहा. वाचोव्स्की भगिनींच्या या मालेत सारे जग यंत्रांनी दाखविलेला आभास आहे आणि जागा होणारा थोडा. मायावादाची आठवण सहज होते. त्या मालेच्या 2003 च्या तिसऱ्या चित्रपटात, अखेरची नामावली चालू असताना, बृहदारण्यक उपनिषदातील असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना गायिली आहे. इथे गवय नाही. खरोखरच आमच्या गोठ्यातली गाय आहे, आणि ती मानाने नेलेली आहे. जिथे घेतले तिथे "घेतले" म्हणावे, जिथे नुसते सारखे आहे तिथे "सारखे" म्हणावे. एवढे केले तरी आपला मोठेपणा कमी होत नाही.

आता ज्या पुस्तकाने माझी झोप घालविली त्याविषयी सांगतो. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी 1965 ची. तिच्यावरून 2021 व 2024 साली चित्रपटही निघाले. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह. पाण्याच्या थेंबाथेंबाला जपणारे तिथले फ्रेमेन लोक. त्यांच्या बोलीत अरबी शब्द आहेत, आणि इस्लाममधील महदीसारखा तारणहार येणार अशी त्यांची श्रद्धा आहे. पॉल नावाचा राजपुत्र तिथे येतो आणि लोक त्याला तोच तारणहार समजतात. पण ही श्रद्धा आली कोठून? बेनी जेसेरिट नावाच्या एका स्त्रीसंघाने पिढ्यान्‌पिढ्या आधी आपली माणसे धाडून त्या भोळ्या लोकांत भविष्यवाण्या पेरून ठेविल्या होत्या. हेतू हा की, पुढे कधी संघातले कोणी अडचणीत तिथे पोचले तर ही श्रद्धा उपयोगी पडावी. राजपुत्राला ती उपयोगी पडतेही. मग त्याच्या नावाने धर्मयुद्ध पेटते आणि ते त्यालाही आवरत नाही. 1969 च्या पुढील कादंबरीत तो स्वतःच मृतांचा आकडा सांगतो, 61 अब्ज.

हे वाचताना प्रथम वाटले, लेखक धर्माची निंदा करितो आहे. पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले की निंदा श्रद्धेची नाही. ज्यांच्या हाती दुसऱ्याची श्रद्धा येते आणि जे तिचा वापर करितात, त्यांच्यावर त्याचे बोट आहे. आणि वाचकहो, नारदांच्या गादीवर उभा राहणारा मी कोण? माझ्या पुढे बसलेला शेतकरी दिवसभर राबून येतो, कंबर दुखत असता तीन तास बसतो, मी म्हणेन ते खरे मानतो. त्याच्याजवळ तपासून पाहण्याची साधने नाहीत म्हणून नव्हे. गळ्यात तुळशीमाळ घातलेला माणूस या जागेवरून खोटे बोलणार नाही, असा त्याचा विश्वास आहे म्हणून. त्या विश्वासात मी एक खोटे बी पेरले. "ते सारे आपलेच चोरतात" हे बी आज टाळ्यांचे पीक देते. उद्या त्याला काय येईल, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

कोणी म्हणेल, "महाराज, एवढ्याशा गोष्टीचे काय मनावर घेता? पोरे धर्माकडे वळली, हे काय थोडे?" मीही मनाची अशीच समजूत घालून पाहिली. पण जो पोरगा खोट्या आधारावर वळला, तो आधार निसटताच दुप्पट वेगाने परत जाईल, आणि जाताना खऱ्यालाही खोटे म्हणेल. गोष्टीचे सामर्थ्य लहान समजू नये. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 3 लाख 90 हजार लोकांनी आपला धर्म 'जेडाय' असा लिहिला. पुष्कळांनी थट्टेने लिहिला. पण काहींनी खरोखर पंथ काढला, धर्मादाय नोंदणीही मागितली, आणि 2016 साली ती नाकारली गेली. त्यांना हसणे सोपे आहे. माणसाला कशावर तरी डोके टेकावेसे वाटते, एवढे मात्र त्यावरून कळते. आणि ज्याच्या शब्दावर लोक डोके टेकतात त्याने शब्द तोलून वापरावा.

असो. गेल्या वर्षी त्याच गावी, त्याच सप्ताहात मला पुन्हा बोलाविले. निरूपणाला आरंभ करण्याआधी मी हात जोडून सांगितले, "मागच्या खेपेला मी एक गोष्ट पुराव्यावाचून बोललो. ती खरी नव्हती." आणि जे वर लिहिले ते थोडक्यात सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. थोडी चुळबूळ झाली. विणेकरी बुवा माझ्याकडे पाहतच राहिले.

तो मुलगा मागे खांबाला टेकून बसला होता. कीर्तन संपल्यावर पुढे आला आणि वही उघडून म्हणाला, "ते रामकृष्णांच्या भाषांतराचं साल पुन्हा सांगा, महाराज." मी सांगितले. त्याने लिहून घेतले आणि विचारले, "हे नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो, "पण तूही पडताळून पाहा."

रामकृष्णहरि.