दगड कुठे बाहेर पडतो

बोअरच्या पाण्यावर गिझर टिकत नाही, ही बीड जिल्ह्यातल्या उमापूरसारख्या गावातली नेहमीची तक्रार. पण तेच पाणी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत वर्षानुवर्षं साठतं आणि टाकीचं काही बिघडत नाही. पाणी एकच, मग कॉइल जळते आणि टाकी धडधाकट राहते, हे कसं? याचं उत्तर नीट कळलं, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हेही कळतं.

सुरुवात जमिनीखालून करू. उमापूरचा गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिणेला, काळ्या पाषाणावर वसलेला. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं, पण मातीतून मुरताना ते मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक विरघळवत खाली उतरतं. काळ्या रानातले चुनखडीचे खडेही त्यात विरघळतात. आडातल्या पाण्यात दर पावसाळ्यात नवी भर पडते, तर खोल बोअरचं पाणी बहुधा कितीतरी जास्त काळ खडकाच्या संगतीत राहिलेलं असतं. १९७२च्या दुष्काळानंतर आपण बोअर घेत खोल खोल गेलो, आणि त्याबरोबर जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, पाणी घरात आलं.

आता मुख्य गोष्ट. हा क्षार, म्हणजे खडकातला दगड, पाण्यात विरघळून राहतो तो दोन अटींवर. पहिली, पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला हवा. दुसरी, तेवढा दगड सांभाळायला पाणी पुरेसं हवं. झाकलेल्या टाकीत गार पाणी असतं, तिथे दोन्ही अटी बऱ्याच अंशी पाळल्या जातात. गिझरमध्ये पहिली मोडते, कूलरमध्ये दुसरी.

गिझरचं आधी पाहू. पाणी तापलं की हा वायू निघून जातो, पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. या क्षाराचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो. त्यामुळे तो जिथे सगळ्यात जास्त धग आहे तिथेच, म्हणजे थेट कॉइलवर, जाऊन बसतो. हिशेब करून पाहा. लिटरला ३०० मिलिग्रॅम असा तापल्यावर वेगळा होणारा क्षार असेल आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर दिवसाला ३० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ ११ किलो क्षार गिझरमधून जातो. त्यातला शंभरात पाच भाग जरी आत अडकला तरी अर्धा किलोहून अधिक दगड साठला.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. थर बसला की गिझर वीज खूप जास्त खातो, असं सांगितलं जातं. कॉइल पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. विजेचा तोटा त्यामानाने थोडा. खरं नुकसान कॉइलचं होतं. थर उष्णता अडवतो, आतली तार जास्त तापते आणि शेवटी जळते. तांब्याच्या बंबाचं किंवा गॅस गिझरचं गणित वेगळं आहे. तिथे जाळ बाहेर, पाणी आत. मध्ये थर आला की उष्णता धुरावाटे निघून जाते. म्हणजे विजेच्या गिझरमध्ये क्षार यंत्र खातो, जाळावरच्या भांड्यात इंधन.

दुसरी अट मोडते ती बाष्पीभवनाने. बीडच्या उन्हाळ्यात कूलरमधून दिवसाला ४० लिटर पाणी उडालं, आणि पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असेल, तर १६ ग्रॅम मागे राहतात. दोन महिन्यांत जवळपास एक किलो. कूलरच्या गवताच्या जाळ्या कडक होतात त्या यामुळे. नुसती भर घालत राहिलं तर टाकीतलं पाणी रोज अधिक जड होत जातं. माठाला बाहेरून धरणारा पांढरा खार हाही त्याच घराण्यातला. छिद्रं बुजली की पाझर थांबतो आणि माठ पाणी गार करीनासा होतो. ठिबकच्या तोट्याही उन्हात तापून आणि तोंडाशी पाणी वाळून तुंबतात. म्हणून शेतकरी आम्ल सोडून त्या साफ करतात.

वॉशिंग मशीनचं या कसोटीवर सहज कळतं. गार पाण्यात धुणाऱ्या मशीनला क्षाराचा धोका कमी. तिथे वाया जातो तो साबण, कारण कॅल्शियम त्याला धरून फेस होऊ देत नाही. मशीनमध्ये हीटर असेल आणि ६० अंशांवर धुणं चालत असेल, तर तिची गत गिझरसारखीच.

सगळाच क्षार मात्र उकळून बाहेर पडत नाही. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला पाण्यातच राहतो. पाणी तपासल्यावर कागदावर 'एकूण कठीणता' आणि 'अल्कलिनिटी' (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचं माप) हे दोन आकडे असतात. कठीणता जास्त असेल आणि अल्कलिनिटी तिच्याइतकी किंवा तिच्याहून जास्त असेल, तर ते पाणी गिझरला जाचणारं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. पिणाऱ्यापेक्षा यंत्रालाच या पाण्याचा त्रास जास्त.

म्हणून घरभराचं पाणी मऊ करण्याचा खटाटोप करण्याआधी पाणी कुठे तापतं आणि कुठे उडतं, एवढंच पाहावं. गिझर ७५ अंशांऐवजी ५०-५५ वर ठेवावा. क्षार बराच कमी बसतो. वर्षातून एकदा वीज तोडून, जाणत्या माणसाकडून कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी. बुडबुडे येतात ते दगडात अडकलेला वायू सुटल्याचे. कूलरची टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करावी. सोलर घ्यायचा तर काचेच्या नळ्यांचा बरा, कारण सपाट पत्र्याच्या सोलरमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या तुंबतात. पाणी मऊ करणारं यंत्र घ्यायचंच असेल, तर ते गिझरकडे जाणाऱ्या नळापुरतं पुरतं. त्याला मीठ लागतं आणि त्याचं खारं सांडपाणी कुठेतरी सोडावं लागतं, म्हणून ते जितकं लहान तितकं बरं.