न येणारा ठसका

येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याच्या रानात खडे वेचायला माणसांचा लोंढा उसळतो. धुरळा सगळ्यांच्याच नाकातोंडात जातो. पोरं दोनदा खोकून मोकळी होतात. म्हातारी माणसं मात्र यात्रा सरली तरी खाकरत राहतात. आपण म्हणतो, 'वय झालं, चालायचंच.' वैद्यकशास्त्रही फार काळ असंच म्हणत आलं.

विल्यम ऑस्लर यांनी १८९२च्या पाठ्यपुस्तकात न्यूमोनियाला म्हातारपणाचा वैरी ठरवलं आणि १८९८च्या आवृत्तीत त्यालाच वृद्धांचा मित्र म्हटलं, कारण तो फारसे हाल न करता सोडवतो. हा बदल मला अस्वस्थ करतो. एकदा मित्र म्हटलं की उपाय शोधायची निकड उरत नाही.

वास्तविक फुफ्फुसांच्या राखणदारांची ओळख तोवर पटू लागली होती. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूचे हलते सूक्ष्म केस पुर्किन्ये आणि व्हॅलेंटिन यांनी १८३०च्या दशकातच पाहिले होते. हे केस सेकंदाला दहाबारा वेळा झुलतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट थर घशाकडं ढकलतात. उतारवयात हा वेग मंदावतो. पण सगळाच दोष वयाचा कसा? पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली पीटर बार्न्स यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की कधी विडी न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. जन्मभर चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्या आयाआज्यांच्या छातीत किती वय आहे आणि किती धूर, हे आपण कधी विचारलंच नाही.

आत शिरलेल्या जंतूंना गिळणाऱ्या पेशी मेच्निकॉफ यांनी ओळखल्या. त्यासाठी त्यांना १९०८चं नोबेल मिळालं. म्हातारपणी ही फौज थकते, एवढंच पुढं बराच काळ मानलं गेलं. २००० साली क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी वेगळी बाजू मांडली: वयाबरोबर शरीरात राखेखालच्या निखाऱ्यासारखा एक दाह सतत धुमसत असतो. प्रतिकार खऱ्या शत्रूवर कमी पडतो आणि एरवी उगाच पेटून राहतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते जपानमधलं काम. मिरचीची फोडणी बसली की खकाणा उठतो, घरभर ठसके लागतात. कोपऱ्यातली आजी मात्र शांत असते, आणि आपल्याला वाटतं, तिला सवय आहे. सेंदाईच्या संशोधकांनी १९९० साली दाखवलं, की अन्न-लाळ फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया झालेल्या वृद्धांमध्ये खोकल्याची उबळच जवळपास नाहीशी झालेली असते. लाळेबरोबर तोंडातले जंतू झोपेत खाली उतरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुढं १९९९ साली जपानच्याच वृद्धाश्रमांत जेवणानंतर नेमानं दात-तोंड स्वच्छ करून दिलं, तर न्यूमोनिया कमी झाला. इतका साधा उपाय! कवळी रात्री काढून धुणं, आडवं पडून न जेवणं, घाईघाईत घास न भरवणं, हे घरोघर जमण्यासारखं आहे.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. कालपर्यंत ओसरीवर बसणारे आजोबा आज भाकरीला हात लावत नाहीत, असंबद्ध बोलतात, उठताना तोल जातो. घरचे म्हणतात, 'यात्रेचा शीण असेल.' तेव्हा श्वास मोजावेत. स्वस्थ बसलेले असताना ते धापा टाकत असतील, तर दवाखाना त्याच दिवशी गाठायला हवा.

न्यूमोनियावरची लसही म्हातारपणी काहीशी कमी लागू पडते, तरी घ्यावीच. आणि अमेरिकेत २०००पासून तान्ह्या मुलांना न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस मिळू लागल्यावर त्या जंतूच्या लशीतल्या प्रकारांचे गंभीर आजार वृद्धांमध्येही घटले, कारण नातवंडांच्या घशातून जंतू आजी-आजोबांकडं जाणं कमी झालं. आपल्याकडं ही लस २०२१पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. नातवाला डोस द्यायला आरोग्य केंद्रात जाताना आजीलाही सोबत न्यावं आणि तिच्या लशीबद्दल तिथंच विचारून घ्यावं.