पोट नेमकं कोणाचं?

मराठीत आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, भीतीनं आपल्या पोटात गोळा येतो, आणि नोकरी करतो तीही पोटापाण्यासाठी. त्यामुळे ‘पोट म्हणजे दुसरा मेंदू’ असं सांगणारं रील आलं की मला त्यात फारसं नवल वाटत नाही. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं मोठं जाळं आहे, हे खरं. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यांतच तयार होतं, हेही खरं. (ते तिथून मेंदूत पोचत नाही, हे रील सांगत नाही, त्यांना पावडर विकायची असते.) मला प्रश्न पडतो तो वेगळाच. पोटात काय चालतं ते आपल्याला कळलं कोणाच्या पोटातून?

६ जून १८२२. अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर, फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात, चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सी सेंट मार्टिन या कॅनेडियन मजुराच्या बरगडीखाली भगदाड पडलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं. जखम भरली, पण जठरात उघडणारं छिद्र कायमचं राहिलं. सरकारी मदत संपल्यावर बोमाँटनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तो लाकडं फोडायचा, ओझी वाहायचा आणि डॉक्टर त्याच्या पोटात डोकावायचे.

१ ऑगस्ट १८२५ ला मांस, शिळा पाव, कच्चा कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले गेले. तासा-तासानं दोरा बाहेर ओढून काय विरघळलं ते पाहायचं. सेंट मार्टिननं पोट दुखत असल्याची तक्रार केली. तीही टिपून ठेवली गेली. पुढे तो न सांगता कॅनडाला निघून गेला, काही वर्षांनी बायको-मुलांसह परत आला. १८३२ मध्ये करार झाला : राहणं-खाणं आणि वर्षाला १५० डॉलर. सहीच्या जागी त्यानं फुली मारली, कारण लिहिता येत नव्हतं. शब्दशः पोटासाठी पोट.

१८३३ मध्ये बोमाँटचं पुस्तक आलं. पचन ही रासायनिक क्रिया आहे, जठररस बाटलीत काढला तरी तो अन्न विरघळवतो, हे त्यातून पक्कं झालं. पण मी अडकतो ते दुसऱ्याच नोंदीपाशी. सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं, असं बोमाँटनी पाहिलं. मनाचा पोटावर होणारा परिणाम माणसाच्या जठरात डोळ्यांनी दिसला, त्याच्या या अगदी सुरुवातीच्या नोंदी. रागाचा पचनावरचा परिणाम टिपला गेला. पण दिवसेंदिवस पोटात दोरे आणि नळ्या घालून घेणारा माणूस चिडणारच, तो का चिडला हे वेगळं विचारायची गरजच काय होती?

बोमाँटना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. त्यांच्याशिवाय तो जगला नसता. जीव वाचवणाऱ्याला नाही म्हणता येतं का, आणि घर चालवायचं असताना मारलेली फुली म्हणजे संमती का, हे मला जास्त अवघड प्रश्न वाटतात. ‘पैसे तर दिले ना’ हे उत्तर मला पटत नाही. आपणही फुकटच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये रोज काय खाल्लं, पोट कसं आहे ते भरतो आणि अटी न वाचता ‘मान्य’ दाबतो. आपल्याला निदान वाचता येतं.

१८३४ मध्ये तो पुन्हा कॅनडाला गेला. बोमाँटनी अनेकदा बोलावूनही तो परतला नाही आणि त्यांच्यानंतर पंचवीसेक वर्षं जगला. १८८० मध्ये तो वारला तेव्हा विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांना त्याचं जठर संग्रहालयासाठी हवं होतं. घरच्यांनी ऐन उन्हाळ्यात मृतदेह मुद्दाम कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल, आठ फुटांवर पुरला.

मी त्या घरच्यांच्या बाजूचा आहे. ते जठर काचेच्या बरणीत ठेवलेलं असतं, तर मी ते बघायला गेलो असतो, हेही तितकंच खरं.