टाळ धरणारे हात



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 47 आणि 48

भगवान अर्जुनाला सांगतात : दुसऱ्याचं कर्म कितीही छान जमत असलं, तरी त्यापेक्षा आपलं कर्म बरं, मग ते थोडं उणं का असेना. ज्ञानेश्वर माऊली यावर एक भन्नाट दृष्टान्त देतात. पाण्यापेक्षा तुपात गुण जास्त, हे खरंच. पण म्हणून मासा तुपात राहील का?

मला हा श्लोक बरीच वर्षं आवडत नव्हता. कारण मी तो मासा आहे, ज्याला तूपच हवं होतं.

मला गाता येत नाही. लोक नम्रपणे म्हणतात तसं नाही, खरंच येत नाही. लहानपणापासून अभंग ऐकतोय. लोकलमध्ये कानात भीमसेनजींची संतवाणी असते आणि मळवली येईपर्यंत डोळे भरलेले असतात. तीन वर्षं क्लास केला. शेवटी सर म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे." हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मागच्या वर्षी एकादशीला आमच्या तळेगावच्या सोसायटीत भजन होतं. मी हट्टाने एक अभंग म्हणायला घेतला. पेटीवाल्या काकांनी पट्टी खाली आणली, मग आणखी खाली आणली. मी प्रत्येक पट्टीत तितकाच बेसूर. शेवटी काका हसून म्हणाले, "तू टाळ घे रे बाळा." सगळे हसले, मीही हसलो. माझ्यानंतर समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी गायला बसली आणि अप्रतिम गायली. ती गात असताना माझ्या मनात काय चाललं होतं माहितीये? हिचा आवाज फाटावा. एकदा तरी फाटावा.

विठ्ठलाच्या फोटोसमोर, हातात टाळ घेऊन, मी हे मागत होतो. त्या रात्री मला गाणं न येण्यापेक्षा याचीच जास्त लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी गाडी काढली आणि सुदुंबऱ्याला गेलो. तळेगावहून चाकणच्या रस्त्याला लागलं की इंदोरीला इंद्रायणी ओलांडायची. हीच नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि आपल्या मावळातून खाली देहू-आळंदीला जाते. बाजूला भंडारा डोंगर दिसतो, जिथे तुकोबाराय चिंतनाला बसायचे. तिथून पुढे सुदुंबरे, संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव.

संताजी जातीने आणि धंद्याने तेली, मूळ चाकणचे. धंद्यापुरतं लिहिणं-वाचणं त्यांना येत होतं असं सांगतात. तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि ते त्यांचेच झाले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतात. आणि तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी वहीत उतरवून घेतले. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तेव्हा त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या ही आपली श्रद्धा. संताजींनी लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा लिहून काढले, असंही परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वहीवरून तुकोबांचा गाथा छापला, तो अभ्यासक आजही वापरतात.

घाण्याच्या रूपकावरचे काही अभंग संताजींच्या नावावरही आहेत. म्हणजे शब्द त्यांनाही सुचत होते. तरी त्यांनी दिवसचे दिवस दुसऱ्याचे शब्द जपण्यात घातले. समाधीपुढे बसून मी एकच विचार करत होतो. या माणसाला कधी वाटलं नसेल का, की हे माझ्या मुखातून यायला हवं होतं?

वाटलं असेल की नाही, मला कळायचा मार्ग नाही. पण तिथे बसल्यावर मला माझ्याच इच्छेचे दोन धागे वेगळे दिसले. एक धागा म्हणत होता, हा अभंग सुंदर गायला जावा. दुसरा म्हणत होता, तो मी गावा आणि लोकांनी माझ्याकडे बघावं. इतकी वर्षं मी दोन्हीला मिळून "गाण्याची ओढ" म्हणत होतो. पहिली ओढ कुणाच्याही गळ्याने भागते. त्या एकादशीला ती भागलीच होती, समोर बसून ती मुलगी गात होती! उपाशी राहिली होती ती दुसरी, आणि तीच आवाज फाटायची वाट बघत होती.

पण थांबा. या श्लोकाची एक भीतीही वाटते, ती बोलायलाच हवी. "आपापलं काम करा, दुसऱ्याच्या कामात शिरू नका" असं सांगून याच विचाराने किती जणांना गप्प बसवलं गेलंय! तुकोबांनाही तेच सांगितलं होतं की, तुला हा अधिकार नाही, वह्या बुडव. त्यांनी ते "स्वधर्म" म्हणून निमूट मानलं असतं तर आज आपल्याकडे गाथा नसता. मग "हे तुझं नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकायचं की झुगारायचं?

मला जे उमगलं ते असं. आधी बघायचं, नाही कोण म्हणतंय. तुकोबांना लोक नाही म्हणत होते, आतला विठ्ठल हो म्हणत होता. तिथे लोकांचं ऐकायचं नसतं. तुमच्या घरचे, ऑफिसमधले, नातेवाईक कुणी म्हणत असेल की "आपल्यात कुणी चित्रं काढत नाही", तर खुशाल काढा. पण मला कुणीच अडवलेलं नाही. काका पुढच्या एकादशीला पुन्हा माईक देतील. माझा गळाच नाही म्हणतोय, तोही तीन वर्षं मनापासून घासल्यानंतर. त्याचं ऐकण्यात कमीपणा नाही. मात्र घासण्याआधीच ऐकलं असतं, तर तो आळस ठरला असता.

आता मी टाळ धरतो. कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी बघा कधी. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण टाळ चुकला की पुढे गाणाऱ्याची लय डळमळते. टाळ हे सोपं काम आहे असं मला वाटायचं. दोन तास न चुकता धरून दाखवा, मग बोलू!

सगळं छान झालं असं मात्र सांगणार नाही. परवा कुणीतरी सुंदर तान घेतली आणि आत पुन्हा कळ आली. तेव्हा पुढचा 48वा श्लोक आठवला : आगीबरोबर धूर असतो, तसा प्रत्येक कर्माबरोबर काही ना काही दोष असतोच, म्हणून कर्म सोडू नये. माझ्या टाळाबरोबर हा धूर आहे. डोळ्यांत जातो, पाणी येतं. पण टाळ खाली ठेवत नाही.

आज एक करून बघा. जी कला तुम्हाला हवी होती आणि मिळाली नाही, ती ज्याच्याकडे आहे अशा एकाला मनापासून सांगा, "तुझं ऐकून बरं वाटलं." पहिल्यांदा शब्द घशात अडकतील. माझेही अडकले होते. त्या मुलीला हे सांगायला मला दोन महिने लागले.

पांडुरंगा, गळा दिला नाहीस, हरकत नाही. दुसऱ्याच्या गळ्यातून तू आलास तर ओळखता येऊ दे, आणि तेव्हा हातातला टाळ चुकू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.