अक्षर आणि माणूस

नागपूरला महालातल्या आमच्या घरी दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरून आजोबांची एक मोडी वही निघाली. अक्षर मोत्यासारखे, आणि आजोबा तर भारी तापट! अक्षरावरून माणूस ओळखावा म्हणतात, तो कसा?

जपानच्या जुन्या दरबारात हा समज फार पक्का होता. नवव्या शतकातला तिथला सम्राट सागा स्वतः कवी, शिवाय तीन थोर लिपिकारांपैकी एक. आपल्याकडे राजपत्रे चिटणीस लिहीत. राजाची असे ती मुद्रा. तरी १६८० च्या एका दानपत्रावर आरंभीचा संस्कृत मजकूर संभाजीराजांच्या हातचा आहे. बखरकारांनी ज्यांना बेछूट रंगवले, त्यांचे ते अक्षर पाहिले की मन त्यांच्या बाजूने झुकते. पण ते अक्षर राजांच्या विद्येची साक्ष देईल, वागणुकीची कशी देणार? दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थ प्रथम अक्षर घोटायलाच सांगतात. म्हणजे सुंदर अक्षर हे कमावलेले. स्वभावाचा तो पुरावा नव्हे.

असे मी आजीला एकदा ऐकवले होते. ती म्हणाली, "पहाटे बोरू घेऊन बसत, तेवढा तासभर मात्र ते कधी कोणावर ओरडले नाहीत हो."